हार्डवेअर कॉम्प्रेसर घेऊ की प्लगइनवरच राहू?

प्रश्न: ताई, चारेक वर्षं झाली घरीच गाणी मिक्स करतोय, सगळं लॅपटॉपमध्ये, इंटरफेस (आवाज लॅपटॉपच्या आत-बाहेर नेणारा डबा) साधा दोन इन दोन आउटचा. प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारी सॉफ्टवेअर, ढीगभर जमवलेत. मागे एका मित्राबरोबर मोठ्या स्टुडिओत गेलो होतो, तिथल्या इंजिनिअरने माझाच मिक्स खऱ्या अ‍ॅनालॉग बस कॉम्प्रेसरमधून (अख्ख्या मिक्सचे जोराचे आवाज दाबणाऱ्या यंत्रातून) काढून ऐकवला आणि गाणं एकदम उघडलं, जिवंत झालं. तेव्हापासून माझे मिक्स मलाच प्लास्टिकचे वाटतात. पैसे साठवलेत, तसलाच स्टिरिओ कॉम्प्रेसर घ्यायचं जवळपास ठरलंय. मित्र म्हणतो प्लगइन म्हणजे नक्कल, आणि नक्कल ती नक्कलच राहणार. खरंय का हे? खोली बारा बाय दहाची आहे, भिंतींना फोम लावलाय, टेबल मधोमध. खोलीत मिक्स छान वाटतो, गाडीत मात्र बेस नुसता घुमतो, पण ते मास्टरिंगमध्ये, मिक्सनंतरच्या शेवटच्या हातात, निघेल बहुतेक. आणि शेवटचं, बस कॉम्प्रेसर मिक्सच्या सुरुवातीलाच लावायचा की शेवटी?
– मिक्समध्ये अडकलेला

उत्तर:

नको घेऊस. म्हणजे हार्डवेअर वाईट म्हणून नाही, मी स्वतः वापरते आणि माझा जीव आहे त्यावर, पण तू जे ठरवलंयस ते मिक्स बससाठी, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या वाटेसाठी, ठरवलंयस आणि तुझ्या अख्ख्या पत्रात बस कॉम्प्रेसरने सुटेल असा एकही प्रॉब्लेम मला दिसला नाही. उलट जो खरा प्रॉब्लेम आहे तो तू शेवटी शेवटी गाडीच्या बेसवर दोन शब्दांत उरकलायस. त्यावर येतेच, पण आधी स्टुडिओत काय झालं ते बघू, कारण तोच अनुभव तुझ्या डोक्यात बसलाय.

तुझं गाणं तिथे उघडलं असं तू म्हणतोस. मला ते पटतं, तू खोटं ऐकलं नाहीस. पण त्या वेळी एकाच दमात किती गोष्टी बदलल्या ते मोज. खोली बदलली, स्पीकर बदलले, कॉम्प्रेसर लावला, तो लावणारा माणूस वर्षानुवर्षं हेच करणारा होता, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाजाची पातळी बदलली असणार. कॉम्प्रेसरवर मेकअप गेन (दाबलेला आवाज परत वर आणणारा नॉब) असतो, पीक म्हणजे क्षणभराचे जोरदार ठोके दाबले जातात आणि बाकी सगळं वर येतं, मग बायपास केलेला (कॉम्प्रेसर न लावलेला) मिक्स आणि कॉम्प्रेस केलेला मिक्स यांच्यात एखाद दीड डीबीचा (डेसिबलचा) फरक सहज पडतो. इतका छोटा फरक कानाला 'मोठा आवाज' असा कळतच नाही, तो 'चांगला आवाज' असा कळतो. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की पातळी वाढली की आपल्या कानाला खालचा बेस आणि वरचं ट्रेबल मधल्या आवाजाच्या मानाने जास्त ऐकू यायला लागतं. म्हणजे जाडी आली, चकाकी आली, गाणं उघडलं! तू वापरलेला शब्द आणि नुसता व्हॉल्यूम वाढवल्यावर जे होतं त्याचं वर्णन, दोन्ही जवळपास सारखंच आहे बघ.

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी एक काम कर. त्या इंजिनिअरशी ओळख झालीये ना, त्यांना विनंती करून तुझा मिक्स त्या कॉम्प्रेसरमधून काढलेला आणि नुसता कन्व्हर्टरमधून (डिजिटल आवाज विजेच्या सिग्नलमध्ये आणि परत बदलणाऱ्या यंत्रातून) बाहेर जाऊन परत आलेला, अशा दोन फाइल मागून घे, शक्य तितक्या जास्त बिटच्या, एमपीथ्री नको. घरी आणून तुझा साधा बाउन्स (मिक्सची तयार फाइल) तिसरा ट्रॅक म्हणून ठेव आणि चौथा म्हणजे तुझ्याकडच्या एखाद्या बस कॉम्प्रेसर प्लगइनमधून काढलेला, मीटरवर साधारण तेवढंच गेन रिडक्शन (आवाज किती दाबला ते) ठेवून. मग लाउडनेस मीटर लावून चारही फाइल एकमेकांच्या ०.१ डीबीच्या आत आण, कानाने नाही, मीटरने. आणि मग घरातल्या कुणालातरी बसव, तू पाठ फिरवून बस, त्याने हवी ती फाइल लावायची आणि तू कागदावर लिहायचं कोणती आवडली, दर वेळी क्रम बदलून, भरपूर वेळा, कारण चार-पाच वेळा बरोबर येणं हे नशिबानेही होतं. एकाच दिवशी सलग करू नकोस, कान थकतात. जर हार्डवेअरची फाइल तू सातत्याने ओळखलीस आणि सातत्याने तीच निवडलीस तर ठीक, तुला काहीतरी खरं ऐकू येतंय आणि त्याची किंमत किती हे मग तुझं तू ठरव. मला वाटतं पातळी जुळवल्यावर तुझा निम्मा मोह तिथेच उतरेल.

आता मित्राच्या नक्कलवाल्या बोलण्यावर. कशाची नक्कल हा प्रश्न त्याला विचार. ११७६ हा कॉम्प्रेसर १९६७ च्या सुमारास बिल पटनम यांनी आणला आणि नंतर त्याच्या सर्किटच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, काळ्या पॅनलच्या, निळ्या पट्टीच्या, कमी नॉइजवाल्या, आणि त्या एकसारख्या वाजत नाहीत. फेअरचाइल्ड ६७० या जुन्या कॉम्प्रेसरमध्ये वीस व्हॉल्व्ह आहेत, आज जगात जी युनिट चालू आहेत त्यातली प्रत्येक वेगवेगळी झिजलीय, वेगवेगळ्या हातांनी दुरुस्त झालीय. कॅपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या सुट्या भागावर) लिहिलेलं माप आणि खरं माप यात दहा-वीस टक्के इकडेतिकडे असणं जुन्या उपकरणांत अगदी सर्रास. तेव्हा दोन 'ओरिजिनल' शेजारी ठेवले तरी ते आपसात जुळत नाहीत, आणि चांगल्या मॉडेलिंगचा प्लगइन कुठल्यातरी एका ठरावीक युनिटचं मोजमाप करून बनवलेला असतो, मग त्या युनिटच्या तो त्याच्या भावंडांपेक्षाही जवळ असू शकतो.

हां, पण प्लगइन सगळीकडे सारखेच उतरतात असंही नाही, आणि इथे तुझ्या 'प्लास्टिक'ला थोडं खरं कारण सापडू शकतं. दोन गोष्टी तपास.

पहिली म्हणजे तू प्लगइनमध्ये सिग्नल किती जोरात घालतोस. अ‍ॅनालॉग उपकरणाची एक आवडती पातळी असते, व्हीयू मीटरचा (सरासरी पातळी दाखवणाऱ्या काट्याचा) शून्य म्हणजे प्रो लाइन लेव्हलला +४ डीबीयू, साधारण १.२३ व्होल्ट, आणि त्याच्या वर वीसेक डीबी मोकळी जागा. त्याची मॉडेल बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या हा शून्य डिजिटलमधल्या उणे १८ डीबीएफएसच्या, म्हणजे डिजिटलच्या कमाल पातळीखाली १८ डीबीच्या, आसपास धरतात (काही वेगळा धरतात, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, वाच). घरी मिक्स करणारे बहुतेक जण ट्रॅक लालच्या अगदी खाली, उणे तीन-चारपर्यंत भरलेले ठेवतात आणि तेच सरळ मॉडेलच्या तोंडात घालतात. डॉमध्ये (DAW, मिक्स करायचं सॉफ्टवेअर) ३२ बिट फ्लोट असल्यामुळे आवाज क्लिप होत नाही, म्हणजे वरून कापला जात नाही, लाल दिवा लागत नाही, सगळं ठीक वाटतं, पण आतलं मॉडेल बिचारं सतत ढकललेलं असतं आणि त्यातून येणारं डिस्टॉर्शन प्रत्येक ट्रॅकवर थोडं थोडं साठत जातं. एका ट्रॅकवर कळत नाही, तीस ट्रॅकवर कळतं, मग मिक्स चपटा आणि कडक होतो. प्रत्येक ट्रॅकच्या पहिल्या जागी साधा गेन प्लगइन टाक, चालू आवाजाची सरासरी उणे १८ च्या आसपास आण आणि मग तोच मिक्स परत ऐक. हे आजच्या आज कर, याला एक पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट एलिअसिंग. थोडं गणित आहे पण समजून घे कारण अ‍ॅनालॉग आणि डिजिटल यांच्यातला जो मुद्द्याचा फरक आहे तो इथेच आहे. सॅच्युरेशन (आवाज मुद्दाम ढकलून रंग देणं) किंवा खूप फास्ट कॉम्प्रेशन केलं की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट फ्रिक्वेन्सी नव्याने तयार होतात, तेच हार्मोनिक्स. आता तुझं सेशन ४४.१ किलोहर्ट्झचं (सेकंदाला ४४,१०० नमुने) आहे असं धर, म्हणजे त्याच्या निम्म्याच्या, २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचं काही त्यात राहूच शकत नाही. झांजेमधला १५ किलोहर्ट्झचा भाग सॅच्युरेट केला तर दुसरा हार्मोनिक ३० किलोहर्ट्झ, तिसरा ४५ किलोहर्ट्झ. अ‍ॅनालॉग सर्किटमध्ये ते वर कुठेतरी राहतात, माणसाला ऐकू येत नाहीत, विषय संपला. डिजिटलमध्ये त्यांना जागा नाही, मग ते दुमडून खाली येतात, ३० चा होतो १४.१ किलोहर्ट्झ आणि ४५ चा होतो ९०० हर्ट्झ, म्हणजे थेट गाणाऱ्याच्या आवाजाच्या मधोमध, आणि त्याचा गाण्याच्या सुरांशी काहीएक संबंध नसतो. एकट्याने तो फार बारीक असतो, पण दहा प्लगइनवर साठला की वरच्या भागात एक प्रकारची धूळ बसते. यावर उपाय ओव्हरसॅम्पलिंग, प्लगइन आतल्या आत चारपट किंवा आठपट सॅम्पल रेटला काम करतो, कचरा गाळतो आणि मग खाली आणतो. सॅच्युरेशन, क्लिपर, लिमिटर, फास्ट कॉम्प्रेसर यांच्यावर ते चालू ठेव. साध्या स्वच्छ ईक्यूला (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी कमीजास्त करणाऱ्या प्लगइनला) याची गरज नसते कारण तो नवीन हार्मोनिक्स बनवतच नाही.

ईक्यूचा विषय निघालाय तर हेही सांगते, स्वच्छ डिजिटल ईक्यू दोन कंपन्यांचे घे, तोच कर्व्ह नीट जुळव, एकाची पोलॅरिटी उलटी कर (लाटेची वरची बाजू खाली) आणि दोन्ही एकत्र वाजव, जवळपास शांतता ऐकू येईल, म्हणजे दोन्ही सारखेच. तेव्हा तुझ्या ढिगात जे अनेक ईक्यू आहेत त्यातला एक ठेव आणि बाकीचे लिस्टमधून लपवून टाक.

आता खोली. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण तुझे साठवलेले पैसे माझ्या मते इथे जायला हवेत.

बारा बाय दहाची खोली, टेबल मधोमध. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ११२५ फूट. समोरासमोरच्या भिंतींमध्ये बारा फूट अंतर असलं की पहिला रूम मोड (खोलीच्या मापामुळे घुमणारी ठरावीक फ्रिक्वेन्सी) येतो ११२५ भागिले २४, म्हणजे ४७ हर्ट्झच्या आसपास, आणि दहा फुटांच्या बाजूचा ५६ हर्ट्झच्या आसपास. या पहिल्या मोडचा दाब भिंतींजवळ सगळ्यात जास्त असतो आणि बरोबर मध्यावर सगळ्यात कमी. तू कुठे बसलायस? बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंनी. म्हणजे ४७ आणि ५६ या दोन्ही ठिकाणी तुझ्या कानाशी खड्डा पडलाय, आणि नेमकी तिथेच किक ड्रमची छाती असते. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी सोडली तर ४१ हर्ट्झ, त्याच तारेवर तीन पट्ट्या वर गेलास की ४९. म्हणजे बेस वाजवणाऱ्याचे काही सूर तुला नीट ऐकूच येत नाहीत! मग तू काय करतोस, बेस वाढवतोस, किकला खाली बूस्ट देतोस, खोलीत सगळं छान बसतं, आणि गाडीत तो खड्डा नाही त्यामुळे तिथे सगळा बूस्ट अंगावर येतो. मास्टरिंग करणारा ते काही प्रमाणात कापेल, पण किक आणि बेस एकमेकांच्या प्रमाणात चुकीचे बसले असतील तर डावी-उजवी अशा तयार स्टिरिओ फाइलमधून ते वेगळे करणं त्याच्याही हातात नसतं.

आणि फोम इथे काही करत नाही रे. ४७ हर्ट्झच्या लाटेची लांबी चोवीस फूट, तिला दोन इंचाच्या फोमचं काहीच वाटत नाही. फोमने फक्त वरची चमक शोषली, मग खोली मेल्यासारखी वाटते, तू वरचं ट्रेबल जास्त घालतोस, आणि बाहेर मिक्स कडक वाटतो. प्लास्टिकची तक्रार थोडी इथूनही येत असेल.

काय करायचं ते ऐक. टेबल मध्यावरून हलव, स्पीकर एका आखूड भिंतीशी ठेव, त्यांचं तोंड बारा फुटांच्या लांबीकडे आणि कान समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे साडेचार फुटांवर आण. ही फक्त सुरुवातीची जागा, तिथून इंच इंच पुढेमागे होऊन शोध. डावी-उजवी बाजू समान ठेवावीच लागते, नाहीतर स्टिरिओ बिघडतो, त्यामुळे ५६ चा खड्डा जागा बदलून जाणार नाही, त्यासाठी कोपऱ्यांत जाड बेस ट्रॅप (बेस शोषणारे ठोकळे) लागतील, रॉकवूल म्हणजे दगडी लोकरीचे, जमिनीपासून छतापर्यंत, जितके जाड तितके बरे, सहा इंचाच्या खाली जाऊच नकोस. बाजूच्या भिंतींवर जिथे पहिलं परावर्तन येतं तिथे चार इंचाचे पॅनल आणि एक डोक्यावर. मोजण्यासाठी रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक मेझरमेंट माइक घे, आणि प्रत्येक बदलानंतर मोज. हे सगळं स्वतः बांधलंस तर एका चांगल्या स्टिरिओ कॉम्प्रेसरच्या पैशांत खोली होऊन पैसे उरतील. उरलेल्यात एक चांगला उघड्या पाठीचा हेडफोन घे, खालचा भाग पडताळून बघायला.

हार्डवेअर घेतलास तर रोजच्या कामात काय होईल हेही बघ ना. तुझा इंटरफेस दोन इन दोन आउटचा, त्या दोन आउटवर तुझे स्पीकर लागलेत. कॉम्प्रेसरकडे सिग्नल पाठवायला आणखी दोन लाइन आउट आणि परत घ्यायला दोन लाइन इन लागणार, म्हणजे आधी नवा इंटरफेस, बॅलन्स्ड केबल, आणि कन्व्हर्टर बऱ्यापैकी चांगले. मग गाणं चार मिनिटांचं असेल तर प्रत्येक बाउन्स चार मिनिटांचाच, कारण ते खऱ्या वेळेत वाजवूनच परत रेकॉर्ड करावं लागतं. कुणी आठवड्याने फोन करून म्हणालं की आवाज अर्धा डीबी वर घे, तर नॉब जिथे होते तिथे परत आणायचे, फोटो काढून ठेवलेला असला तरी केसभर इकडेतिकडे होतंच. मिक्स इंजिनिअर अँड्र्यू शेप्स यांच्यासारखा माणूस, ज्यांच्याकडे खोलीभर आउटबोर्ड (कॉम्प्युटरबाहेरची यंत्रं) आणि नीव्ह कंपनीचे मिक्सिंग कन्सोल होते, तेही आज पूर्ण कॉम्प्युटरमध्ये मिक्स करतात. आणि बस कॉम्प्रेसर एकच, तो एकाच ठिकाणी लागणार, प्लगइन मात्र तू दहा ट्रॅकवर दहा वेगवेगळ्या सेटिंगने उघडू शकतोस. तरी सॉफ्टवेअरला आयुष्य असतं हे विसरू नकोस, २०१९ मध्ये मॅकच्या कॅटालिना या सिस्टिमने ३२ बिटचा सपोर्टच काढला आणि लोकांचे कितीतरी जुने प्लगइन एका अपडेटमध्ये बंद पडले. म्हणून मिक्स संपला की प्रत्येक ट्रॅक प्रोसेसिंगसकट ऑडिओ म्हणून छापून ठेवायची सवय लाव. हार्डवेअरचे कॅपॅसिटर सुकतात, पॉट (नॉबच्या आतले भाग) खरखरतात, पण दुरुस्त होतात, आणि विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळतं.

खोली झाल्यावरही हात शिवशिवत असतील तर मी सांगेन, हार्डवेअर रेकॉर्डिंगच्या बाजूला घे, एकच चॅनल, चांगला प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा) आणि त्यामागे एक कॉम्प्रेसर. कारण तिथे त्याचं काम प्लगइनने भरून निघत नाही. गाणाऱ्याच्या कानात हेडफोनमधून तो कॉम्प्रेस झालेला आवाज त्याच क्षणी जातो, कॉम्प्युटरच्या बफरचा उशीर नाही, आणि त्याने माणसाचं गाणंच बदलतं, हळू ओळी तो घाबरून जोर न लावता गातो, कारण त्याला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत असतो. माझ्यासाठी अ‍ॅनालॉगचं खरं प्रेम इथे आहे, यंत्राचा रंग वगैरे नंतर, आधी समोरचा माणूस कसा गायला ते. ११७६ पद्धतीच्या कॉम्प्रेसरचा सगळ्यात फास्ट अटॅक (दाबायला लागणारा वेळ) वीस मायक्रोसेकंद, ४४.१ ला एक सॅम्पलसुद्धा २२.७ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे कन्व्हर्टरपर्यंत पोचायच्या आधीच पीक धरला जातो. त्यावर अटॅक आणि रिलीजचे (दाबलेलं सोडायच्या वेळेचे) नॉब उलटे असतात, उजवीकडे फिरवलं की फास्ट, हे लक्षात ठेव. एलए-२ए पद्धतीचा घेतलास तर त्यात प्रकाशावर चालणारा सेल असतो, अटॅक साधारण दहा मिलिसेकंद, सुटताना अर्धं रिडक्शन पटकन सुटतं आणि उरलेलं सेकंद दीड सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ घेत हळू सुटतं, आवाजावर ते फार गोड बसतं. नवशिक्याला मी हाच देईन, दोनच मोठे नॉब आहेत. रेकॉर्ड करताना तीन-चार डीबीच्या वर दाबू नकोस, एकदा छापलं की परत निघत नाही.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. बस कॉम्प्रेसर सुरुवातीलाच लाव, म्हणजे ढोबळ बॅलन्स बसला की लगेच, कारण शेवटी लावलास तर तो तुझे सगळे फेडर (प्रत्येक ट्रॅकच्या आवाजाचे सरकते नॉब) जणू थोडे थोडे हलवतो आणि तासन्‌तास केलेला बॅलन्स परत करावा लागतो. एसएसएल कंपनीच्या बस कॉम्प्रेसरच्या पद्धतीचा कुठलाही प्लगइन चालेल, तुझ्याकडे असेलच. रेशो (किती प्रमाणात दाबायचं) २ किंवा ४, अटॅक ३० मिलिसेकंद म्हणजे किकचा पहिला ठोका मोकळा सुटेल, रिलीज ऑटो, आणि थ्रेशोल्ड (जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी) इतकाच की गाण्याच्या सगळ्यात जोरकस भागात काटा दोन डीबीपर्यंत जाईल. मेकअप गेनने बायपासची पातळी मीटरवर जुळव, मग त्याला हात लावू नकोस, त्याच्यातूनच मिक्स कर, आणि काटा तीनच्या पुढे जायला लागला तर थ्रेशोल्ड न हलवता किक आणि बेसचे फेडर खाली घे.